छिद्र नसलेल्या भिंतीतून

स्वयंपाकघरातील एका साध्या अनुभवापासून आरंभ करू. वाण्याकडून आणलेला हिंग गृहिणीने प्लॅस्टिकच्या पातळ पिशवीत घातला, पिशवीचे तोंड दोऱ्याने घट्ट बांधले आणि ती पिशवी फडताळात चहाच्या पुडीशेजारी ठेवून दिली. पिशवीला कोठेही भोक नाही. तीत पाणी भरून उलटी टांगली, तरी थेंबभर पाणी गळावयाचे नाही. असे असूनही चार दिवसांनी सकाळचा चहा तोंडाशी नेताच हिंगाचा दर्प नाकात शिरतो! पावसाळ्यात पातळ पिशवीत गाठ मारून ठेवलेले पापड हळूहळू सादळतात. मुलाच्या वाढदिवशी फुगविलेला फुगा, त्याच्या तोंडाची गाठ जशीच्या तशी असताना, दुसऱ्या दिवशी सुरकुतून जातो. सायकलच्या चाकात भरलेली हवा, ट्यूबला पंक्चर नसतानाही, पंधरवड्यात कमी झालेली आढळते.

या सर्व प्रसंगी आपण सहजच म्हणतो की, कोठेतरी बारीकसे भोक असले पाहिजे. हे उत्तर स्वाभाविक आहे खरे. परंतु ते बरोबर नाही. हिंगाचा वास भोकातून बाहेर आलेला नसतो. तो पिशवीच्या अंगात शिरून, तेथे विरघळून आणि पलीकडे निघून आलेला असतो. हे कसे घडते, हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. आपले अन्न ताजे राहणे, समुद्राचे पाणी गोडे होणे, डोळ्यावर बसविलेल्या भिंगाखाली डोळा निरोगी राहणे, इतकेच नव्हे, तर विषारी द्रव हाताळणाऱ्या माणसाचा जीव वाचणे अथवा जाणे, हे सारे याच प्रश्नाच्या उत्तराशी निगडित आहे.

फुगा आणि डुकराचे मूत्राशय

भिंतीतून पदार्थ पार जातो, ही गोष्ट मनुष्याला अनेक शतके ठाऊक आहे. उन्हाळ्यात पाणी गार करणारा आपला मातीचा माठ हे तिचे उत्तम उदाहरण. परंतु माठाच्या भाजलेल्या मातीत खरोखरीच सूक्ष्म छिद्रे असतात व त्यांतून पाणी झिरपते. आपला विषय आहे तो छिद्रे नसलेल्या पडद्यांचा.

अशा पडद्यांच्या विचित्र वर्तनाची एक प्रसिद्ध नोंद फ्रान्समधील आबे नोले या पाद्री शास्त्रज्ञाने १७४८ साली केली. मद्यार्काने भरलेल्या भांड्याच्या तोंडावर त्याने डुकराचे मूत्राशय ताणून बांधले आणि ते भांडे पाण्यात बुडवून ठेवले. काही तासांनी पाहतो तो मूत्राशयाचा पडदा तट्ट फुगून वर आलेला! त्याला टाचणी टोचताच आतून चिळकांडी उडाली. बाहेरचे पाणी पडद्यातून आत शिरले होते, पण आतील मद्यार्क तितक्या सहजतेने बाहेर येऊ शकला नव्हता. पडदा एका द्रवास वाट देतो आणि दुसऱ्याची अडवणूक करतो, हे या प्रयोगाने दाखवून दिले.

पुढे १८२४ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरडे यांनी हायड्रोजनाच्या प्रयोगांसाठी रबराचे फुगे तयार केले. अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील डॉ. जॉन मिचेल यांनी १८३० च्या सुमारास अशाच फुग्यांत निरनिराळे वायू भरून पाहिले. प्रत्येक वायूचा फुगा निरनिराळ्या वेगाने रिकामा होतो आणि त्यांत कार्बन डाय-ऑक्साइड फारच लवकर निसटतो, असे त्यांना आढळले. रबरात भोके असती, तर हलके वायू आधी आणि जड वायू मागाहून निघावयास हवे होते. कार्बन डाय-ऑक्साइड तर हवेहून जड आहे. मग जड वायू पुढे आणि हलका मागे, हा उलटा न्याय कसा?

या कोड्याचा उलगडा १८६६ साली टॉमस ग्रॅहॅम यांनी केला. ग्रॅहॅम हे स्कॉटलंडमध्ये जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ. ब्रिटनच्या टांकसाळीचे प्रमुखपद सांभाळून ते आपले संशोधन करीत असत. पातळ रबराच्या पडद्यातून वायू निर्वात जागेत ओढून त्यांनी प्रत्येकाचा वेग मोजला. नायट्रोजनाचा वेग १ धरला, तर ऑक्सिजनाचा सुमारे २.५६, हायड्रोजनाचा ५.५ आणि कार्बन डाय-ऑक्साइडाचा तब्बल १३.५८ भरला. साधी हवा त्या पडद्यातून ओढली असता पलीकडे जमणाऱ्या हवेत ऑक्सिजनाचे प्रमाण २१ वरून ४१.६ टक्क्यांवर गेले. त्या हवेत विझत आलेली, नुसती धुगधुगणारी काडी पुन्हा पेटली!

ग्रॅहॅम यांनी याचा जो अर्थ लावला, तो आजही या शास्त्राचा पाया होऊन राहिला आहे. त्यांचे म्हणणे असे की, वायू रबरातून गळत नाही. तो प्रथम रबराच्या पृष्ठभागात एखाद्या द्रवात विरघळावा तसा विरघळतो, मग रबराच्या अंगातून पुढे सरकतो आणि दुसऱ्या बाजूस पुन्हा वायुरूप होऊन बाहेर पडतो. जो वायू सहज द्रवरूप होऊ शकतो तो रबरात अधिक विरघळतो. म्हणूनच कार्बन डाय-ऑक्साइड जड असूनही शर्यत जिंकतो.

विरघळणे आणि वाट काढणे

रबर, पॉलिथीन, नायलॉन, सेल्युलोज हे सर्व पदार्थ बहुवारिके या एकाच मोठ्या कुळातील होत. एकच लहानसा घटक हजारो वेळा जोडला जाऊन त्यांचे लांबच लांब रेणू बनलेले असतात. ताटात वाढलेल्या शिजलेल्या शेवयांचा गोळा डोळ्यांसमोर आणावा. एक शेवई दुसरीत गुंतलेली, तिसरीवरून वळलेली. त्यांच्यात आरपार जाणारे भोक असे कोठेच नाही. मात्र बहुवारिकातील शेवया स्वस्थ पडून नसतात. उष्णतेमुळे त्यांचे तुकडे सारखे वळवळत, थरथरत असतात. या हालचालीत क्षणभर येथे, तर क्षणभर तेथे रेणूभर जागा मोकळी होते व लगेच मिटते. आत विरघळलेला पाहुणा रेणू ही संधी साधून एक उडी घेतो, थांबतो, पुन्हा दुसरी घेतो. आषाढीच्या दिवशी पंढरपुरात गर्दीतून वाट काढणारा वारकरी जसा कोणी बाजूला सरकताच एक पाऊल टाकतो, तसाच हा प्रकार आहे. फरक इतकाच की, वारकऱ्याला विठ्ठलाच्या देवळाची दिशा ठाऊक असते, तर रेणूला दिशा नसते. तो पुढेही जातो, मागेही येतो. परंतु ज्या बाजूस दाटी अधिक त्या बाजूने अधिक रेणू निघतात, आणि एकंदर ओघ दाटीकडून विरळतेकडे वाहतो. या ओघाचा गणिती नियम जर्मन शरीरशास्त्रज्ञ ॲडॉल्फ फिक यांनी १८५५ साली मांडला. या क्रियेस विसरण असे नाव आहे.

हा प्रवास किती कष्टाचा असतो, याची कल्पना एका तुलनेने येईल. मोकळ्या हवेत ऑक्सिजनाचे रेणू ज्या गतीने पसरतात, तिच्या सुमारे एक लाखाव्या हिश्श्याने ते रबरात पसरतात. तरीही ते पोचतात. कारण पडदा मिलिमीटराच्या अंशाइतकाच जाड असतो.

यावरून एक सोपे सूत्र निघते. १८७९ साली व्‌रोब्लेव्हस्की या पोलिश शास्त्रज्ञाने ते स्पष्ट केले. पडद्यातून किती पदार्थ पार होईल हे दोन गोष्टींच्या गुणाकारावर ठरते: तो पडद्यात किती विरघळतो आणि विरघळल्यावर किती वेगाने सरकतो. पहिली गोष्ट म्हणजे घरात मिळणारा प्रवेश, दुसरी म्हणजे घरातून चालण्याची गती. दोहोंपैकी एक जरी शून्याजवळ असली, तरी पलीकडे काही पोचत नाही.

सख्य समानशीलांचे

कोण कोणात विरघळतो, याचा नियम स्वयंपाकघरातच शिकता येतो. तेल तुपात मिसळते, पाण्यात नाही. साखर पाण्यात विरघळते, तेलात नाही. बहुवारिकांचेही असेच आहे. पॉलिथीन हे स्वभावाने तेलकट, मेणाच्या जवळचे. पाण्याची वाफ त्यात फारशी शिरत नाही. परंतु तेलकट प्रकृतीचे सुगंध, रॉकेलची वाफ, डांबराच्या गोळीचा म्हणजे नॅफ्थलीनचा वास, हे त्यात आनंदाने विरघळतात. हिंगाचा दर्पही त्याच जातीचा. याउलट नायलॉन हे पाण्याशी स्नेह ठेवणारे. ते पाण्याची वाफ शोषते, पण तेलकट वासांना चांगलाच अटकाव करते.

या बाबतीत सेल्लोफेनचा इतिहास मनोरंजक आहे. स्वित्झर्लंडच्या झाक ब्रँडनबर्गर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी लाकडाच्या सेल्युलोजपासून हा काचेसारखा पारदर्शक कागद तयार केला. मिठाईवर तो शोभू लागला. परंतु त्यातून पाण्याची वाफ सहज ये-जा करी आणि आतील खाद्य एकतर वाळे अथवा ओलसर होई. १९२७ साली अमेरिकेत विल्यम चार्च यांनी त्यावर एका अत्यंत पातळ, मेणयुक्त लेपाचे आवरण दिले. लेप डोळ्यांस दिसतही नव्हता. पण ओलाव्याची वाट अडली आणि वेष्टनाच्या धंद्यात क्रांती झाली.

आज दुकानात मिळणारी चिवड्याची किंवा वेफरची पुडी हा याच शहाणपणाचा विस्तार आहे. तिच्या कडेला निरखून पाहिल्यास ती एका कागदाची नसून दोन-तीन पापुद्र्यांची दिसेल. एक पापुद्रा ओलावा अडवितो, दुसरा ऑक्सिजनाला रोखतो, आणि मधला चांदीसारखा चकाकणारा ॲल्युमिनियमचा अतिसूक्ष्म थर जवळजवळ सर्वांनाच बंदी घालतो. घरच्या पातळ पिशवीत सादळणारा पापड अशा पुडीत महिनोन्महिने कुरकुरीत राहतो, तो यामुळे.

सायकलच्या ट्यूबचेही रहस्य येथेच आहे. नैसर्गिक रबराच्या ट्यूबमधून हवा जितकी निसटते, तिच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी हवा ब्यूटिल नावाच्या कृत्रिम रबरातून निसटते. ब्यूटिलच्या साखळीस बाजूंनी लहान लहान गट चिकटलेले असतात. त्यामुळे तिची वळवळ मंदावते आणि पाहुण्याला उडी मारावयास जागा क्वचितच मिळते. ट्यूब नसलेल्या मोटारीच्या टायरांना आतून याच जातीच्या रबराचे अस्तर असते.

पाहुणा घराची रचना बदलतो

येथवर आपण वायूंचा विचार केला. वायू थोडासा शिरतो आणि निमूटपणे निघून जातो. त्याच्या जाण्यायेण्याने पडद्याचे रूप पालटत नाही. परंतु पेट्रोल, ॲसिटोन, रंगात घालावयाचा थिनर यांसारखे विद्रावक व त्यांच्या वाफा यांचे वर्तन निराळे असते. नैसर्गिक रबराचा तुकडा पेट्रोलमध्ये टाकला, तर तो पेट्रोल पिऊन कितीतरी पट फुगतो. विद्रावकाचे रेणू साखळ्यांच्या मधे घुसून त्यांना एकमेकींपासून दूर सारतात. त्या सैल झाल्या की वळवळ वाढते. वळवळ वाढली की मागून येणाऱ्यांना वाट अधिक मोकळी मिळते. पहिला पाहुणा पुढच्या दहा पाहुण्यांसाठी दार उघडून ठेवतो म्हणा ना!

कडक बहुवारिकांत तर याहून विलक्षण प्रकार दृष्टीस पडतो. प्रत्येक बहुवारिकास एक विशिष्ट तापमान असते. त्याच्या खाली साखळ्या जणू गोठून जातात व पदार्थ काचेसारखा कडक बनतो, आणि त्याच्या वर तो लवचिक होतो. नैसर्गिक रबराचे हे तापमान शून्याखाली सुमारे ७० अंश सेल्सिअस आहे, म्हणून आपल्या हवेत ते नेहमी मऊच असते. ॲक्रिलिकचे ते सुमारे १०५ अंश आहे, म्हणून ॲक्रिलिकची पाटी कडक असते. अशा कडक ॲक्रिलिकचा तुकडा मिथिल अल्कोहोलात ठेवला, तर द्रव आत हळूहळू विरळ होत पसरत नाही. एक स्पष्ट सीमारेषा तयार होते. रेषेमागे फुगलेला मऊ पदार्थ, तर रेषेपुढे कोरडा, अस्पर्श, काचेसारखा भाग. ही रेषा एकसारख्या वेगाने आत सरकत जाते. फिकच्या नियमाप्रमाणे दुप्पट अंतरास चौपट काळ लागावयास हवा. येथे दुप्पट अंतरास दुप्पटच काळ लागतो. १९६६ साली आल्फ्री व त्यांच्या सहकाऱ्यांनी या वर्तनाचे वेगळे वर्गीकरण केले. येथे खरी अडचण वाट चालण्याची नसून गोठलेल्या साखळ्यांना जागे करण्याची असते. जितक्या वेगाने त्या जाग्या होतात तितक्याच वेगाने विद्रावक पुढे सरकतो. ॲक्रिलिकची पाटी अथवा दिव्याचे झाकण मद्यार्काने पुसले असता कधी कधी त्यावर केसासारख्या बारीक भेगा उमटतात, त्यांमागेही ताणलेल्या कडक बहुवारिकात शिरणारा विद्रावकच असतो.

एका हातमोज्याची कथा

आता या शास्त्राच्या गंभीर बाजूकडे वळू.

अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात कॅरन वेटरहान या रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका होत्या. विषारी धातूंचा सजीवांच्या पेशींवर होणारा परिणाम, हाच त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. १४ ऑगस्ट १९९६ रोजी त्या डायमिथिल मर्क्युरी या पाऱ्याच्या अतिविषारी द्रवरूप संयुगाचे काम करीत होत्या. वाफ ओढून घेणाऱ्या बंदिस्त कपाटात हात घालून, डोळ्यांवर चष्मा व हातात लॅटेक्स रबराचे मोजे चढवून, म्हणजे त्या काळी आवश्यक मानली जाणारी सर्व दक्षता घेऊन त्यांचे काम चालले होते. काम करताना द्रवाचे एकदोन थेंब मोज्यावर पडले. मोजा फाटला नाही. त्याला भोकही पडले नाही.

सुरुवातीचे काही आठवडे काहीच जाणवले नाही. मग चालताना तोल जाऊ लागला, बोलणे अडखळू लागले, दृष्टी व श्रवण मंदावू लागले. जानेवारी १९९७ मध्ये पाऱ्याच्या विषबाधेचे निदान झाले. उपचारांची शर्थ झाली. परंतु ८ जून १९९७ रोजी, वयाच्या अवघ्या ४८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. मागाहून मोज्यांची परीक्षा केली, तेव्हा तो द्रव अशा मोज्यातून सुमारे १५ सेकंदांत किंवा त्याहूनही लवकर पार होतो, असे आढळून आले. छिद्र नसलेल्या भिंतीने त्यांचा घात केला होता.

या दुःखद घटनेने जगभरच्या प्रयोगशाळांना एक धडा दिला. मोजा अखंड आहे की नाही, एवढेच पाहून भागत नाही. तो कोणत्या बहुवारिकाचा आहे आणि आपण हाताळतो तो द्रव त्यात विरघळतो काय, हा खरा प्रश्न आहे. तेलकट द्रव व पेट्रोल यांस नायट्राइल रबर चांगला अटकाव करते. पण ॲसिटोन त्यातून लवकर पार होतो. ॲसिटोनासाठी ब्यूटिल रबर उत्तम. परंतु पेट्रोलपुढे ते टिकत नाही. सर्व विषांवर एकच कवच, असे कोठेच नाही. डायमिथिल मर्क्युरीसारख्या द्रवासाठी आता निरनिराळ्या बहुवारिकांचे पापुद्रे एकत्र जोडून केलेले मोजे आत आणि जाड मोजे बाहेर, अशी दुहेरी योजना सांगितली जाते.

जाडीचा हिशेबही येथे ध्यानात ठेवण्याजोगा आहे. विसरणाच्या साध्या नियमानुसार पडदा दुप्पट जाड केला, तर पलीकडे पहिले रेणू उमटावयास चौपट वेळ लागतो. मात्र एकदा ओघ सुरू झाला की त्याचा जोर केवळ निम्मा होतो. म्हणजे जाडी ही वेळ विकत घेते, अभय देत नाही. आणि मोजा हाताच्या उबेने तापलेला असला, तर ती वेळही घटते. कारण उष्णतेने साखळ्यांची वळवळ वाढते.

ही गोष्ट केवळ प्रयोगशाळेपुरती मर्यादित नाही. आपल्या देशात लक्षावधी शेतकरी व मजूर पिकांवर कीटकनाशके फवारतात. त्यांतील कित्येक औषधे पेट्रोलसारख्या तेलकट विद्रावकात कालविलेली असतात. पातळ लॅटेक्सचा मोजा अशा वेळी पुरेसा नसतो. कापडाचा मोजा तर औषध शोषून ते कातडीशी धरून ठेवतो. वेष्टनावर जो मोजा सांगितला असेल तोच वापरावा, हे उत्तम. आणखी एक गोष्ट अशी की, मोजा वरून धुतला म्हणजे स्वच्छ झाला असे नाही. त्याच्या अंगात विरघळलेला अंश तेथेच राहतो आणि खुंटीवर टांगलेल्या मोज्यातही आतल्या बाजूकडे सरकत राहतो. दुसऱ्या दिवशी हात घालताच तो कातडीस भेटतो. म्हणून औषध अंगात मुरलेला, फुगलेला अथवा चिकट झालेला मोजा पुन्हा वापरणे म्हणजे धोका पत्करणे होय.

दोषाचा झाला गुण

तथापि निसर्गाच्या नियमास शत्रू किंवा मित्र ठाऊक नसतो. जो गुण हातमोज्यात घातक ठरला, तोच अन्यत्र मानवाच्या सेवेस लागला आहे.

१९१७ साली अमेरिकेत फिलिप कोबर यांच्या सहायकाच्या एक गोष्ट ध्यानात आली. कोलोडियनच्या पातळ पिशवीत द्रव भरून, तोंड घट्ट बांधून ती हवेत टांगली असता आतील द्रव उडून जात होता! पडद्यात विरघळून पलीकडे वाफ होऊन निघणे, या क्रियेचा पुढे उद्योगात उपयोग झाला. मद्यार्क आणि पाणी यांचे मिश्रण कितीही वेळा ऊर्ध्वपातित केले, तरी साध्या रीतीने वजनाने सुमारे ९५.६ टक्क्यांच्या पुढे मद्यार्क शुद्ध होत नाही. कारण त्या ठिकाणी द्रवाची आणि वाफेची घडण एकच होऊन बसते. परंतु पाण्यावर प्रेम करणाऱ्या पॉलिव्हिनिल अल्कोहोलच्या पडद्याशी हे मिश्रण आणले, तर पाणी पडद्यात विरघळून निघून जाते व मद्यार्क मागे राहतो. १९८० च्या दशकात जर्मनीत विकसित झालेल्या अशा पडद्यांनी युरोपात कारखान्यांच्या प्रमाणावर हे काम होऊ लागले.

समुद्राचे पाणी गोडे करण्याच्या विद्येत तर एका भारतीयाचा मोलाचा वाटा आहे. भारतात जन्मलेले श्रीनिवास सौरीराजन आणि अमेरिकेचे सिडनी लोब यांनी १९६० च्या सुमारास लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात सेल्युलोज ॲसिटेटचा एक अभिनव पडदा तयार केला. मीठ अडवून पाणी सोडणारे पडदे त्यापूर्वीही ठाऊक होते. पण ते जाड असल्यामुळे पाणी थेंबथेंबच येई. लोब व सौरीराजन यांच्या पडद्यावर घट्ट अशी अतिसूक्ष्म त्वचा होती आणि तिला आधार देणारा खालचा भाग स्पंजासारखा पोकळ होता. अडविण्याचे काम त्या पातळ त्वचेने करावयाचे, भार सोसण्याचे काम खालच्या भागाने. पाण्याचा ओघ कितीतरी पटींनी वाढला. १९६५ साली कॅलिफोर्नियातील कोलिंगा या गावी अशा पडद्यांनी खारे पाणी शुद्ध करून पुरविण्यास आरंभ झाला. आपल्या देशात भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने या विद्येवर दीर्घकाळ काम केले आहे. आज अनेक घरांच्या ओट्यावर दिसणारे पाणी शुद्ध करण्याचे यंत्र हे त्याच पडद्याचे वंशज आहे. या पडद्यातून पाणी नेमके विरघळून जाते, की क्षणोक्षणी बदलणाऱ्या रेणूएवढ्या पोकळ्यांतून वाहते, याविषयी शास्त्रज्ञांत अलीकडे पुन्हा वाद रंगला आहे. दीडशे वर्षांपूर्वीचा प्रश्न अजून बोलता आहे, हे या शास्त्राच्या जिवंतपणाचेच लक्षण होय.

वैद्यकातही या पडद्यांनी मानाचे स्थान मिळविले आहे. डोळ्याच्या पारदर्शक बुबुळावर रक्तवाहिन्या नसतात. त्यास लागणारा ऑक्सिजन मुख्यतः थेट हवेतून मिळतो. त्यावर भिंग बसविले की डोळ्याचा श्वास कोंडतो. प्रागचे ओट्टो विख्टर्ले यांनी १९६१ साली पाणी शोषणाऱ्या मऊ बहुवारिकाचे भिंग घडविले, त्यात शोषलेल्या पाण्यातून थोडा ऑक्सिजन जात असे. सिलिकोन रबरातून ऑक्सिजन नैसर्गिक रबराच्या वीसहून अधिक पटींनी जातो. या गुणाची मऊ जलयुक्त पदार्थाशी सांगड घालून केलेली भिंगे १९९९ च्या सुमारास बाजारात आली आणि डोळ्यांना मोकळा श्वास घेता येऊ लागला.

अमेरिकेतील ज्युडा फोकमन व डेव्हिड लाँग यांनी १९६४ साली दाखवून दिले की, सिलिकोनच्या लहानशा नळीत भरलेले औषध तिच्या भिंतीतून संथपणे, दिवसेंदिवस बाहेर पडते. दंडाच्या कातडीखाली बसवावयाच्या, काही वर्षे काम देणाऱ्या संततिनियमनाच्या बारीक कांड्या याच विचारातून पुढे आल्या. भिंतीची जाडी व जात ठरविली की औषधाची मात्रा ठरते. घड्याळ पाहून गोळी घेण्याचे काम ती भिंतच करते.

घरच्या घरी एक प्रयोग

मुलांना हा विषय समजावून देण्यास प्रयोगशाळा लागत नाही. एका रबरी फुग्यात ठिबकणीने व्हॅनिला अर्काचे चार थेंब सोडावेत. थेंब बाहेरच्या बाजूस लागणार नाहीत याची काळजी घ्यावी. फुगा फुगवून गाठ मारावी आणि तो झाकणाच्या रिकाम्या डब्यात अर्धा तास ठेवावा. झाकण उघडताच सुगंध दरवळेल. शेजारी दुसऱ्या डब्यात, चांदीसारख्या चकाकणाऱ्या धातुलेपित फुग्यात तसेच थेंब घालून ठेवावेत. तेथे वास येणार नाही किंवा फारच उशिरा येईल. मुले विचारतील, "भोक तर नाही, मग वास आला कसा?" तेव्हा त्यांना शेवयांची उपमा सांगावी.

गृहिणींनाही यातून काही साध्या सूचना करता येतील. हिंग, कापूर, मसाले यांसारखे उग्र वासाचे जिन्नस पातळ पिशवीऐवजी काचेच्या अथवा धातूच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत; काच व धातू यांतून वास जात नाही. डांबराच्या गोळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधल्या, तरी त्या धान्याजवळ ठेवू नयेत. थिनर, पेट्रोल, कीटकनाशक यांसारखे द्रव पाण्याच्या किंवा सरबताच्या रिकाम्या बाटलीत कधीही भरू नयेत. मुलांच्या हाती पडण्याचे भय तर आहेच. शिवाय ती बाटली त्या द्रवासाठी घडविलेली नसते व त्याची वाफ तिच्या भिंतीतून घरात पसरू शकते.

आपण भिंत म्हणतो तेव्हा आपल्या मनात अचल, निर्जीव, अभेद्य अशी वस्तू असते. परंतु फुग्याची, पिशवीची, मोज्याची भिंत तशी नाही. तिच्या अंगात अखंड हालचाल चालू आहे. ती कोणास दारातून परत पाठविते, कोणास सावकाश जाऊ देते, तर कोणासाठी धावत दार उघडते. तिचा स्वभाव ज्याने ओळखला, त्याने समुद्राचे पाणी गोडे केले व आंधळेपणाने बंद होऊ पाहणाऱ्या डोळ्यास हवा पोचविली. तो स्वभाव एकदा पुरता ओळखला गेला नव्हता, तेव्हा एका विदुषीस आपल्या प्राणांची किंमत द्यावी लागली. उद्या सकाळी चहात हिंगाचा वास आलाच, तर तो डबा बदलावा हे तर खरेच; पण त्याबरोबर हातात मोजा चढविताना, 'हा कशाचा आहे आणि कशासाठी आहे?' एवढे विचारण्याची सवय आपण लावून घेतली, तर त्या वासाने आपणांस फुकटात मोठाच धडा दिला असे म्हणता येईल.